इस्त्रीखालचे दोन हजार रूबल

सोमवार, ४ मार्च

सापडली! आणि कुठे, तर इस्त्रीखाली.

अक्षर काय आलेय! नीट, क्रमाने लिहिते.

ऑफिसातून येताना नवऱ्याचे शर्ट घ्यायला कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे थांबले. तो एक कॉलर दाबत होता. त्याच्या टेबलावर नेहमीची पांढरी चादर असते आणि तिच्याखाली, टेबल मऊ लागावे म्हणून, कुठलीशी जुनी गोधडी. चादरीला डाव्या कोपऱ्यात भोक पडले आहे. तळहाताएवढे. त्या भोकातून गोधडी दिसत होती— आणि गोधडीत शिवलेला एक रेशमी तुकडा. वेलबुट्टीची किनार. उजवीकडून डावीकडे जाणारी लिपी. मधोमध २०००.

खोरेझम! मी अकरा वर्षे ज्या नोटेची चित्रे बघते आहे ती.

रशियन क्रांतीनंतर मध्य आशियात, वाळवंटाच्या कडेला चार-पाच वर्षे टिकलेले चिमुकले सोव्हिएत प्रजासत्ताक. कागदाची टंचाई, म्हणून नोटा रेशमावर छापल्या. लाकडी ठशांनी, हाताने. महागाई अशी, की ठशाचा रंग वाळेपर्यंत नोट स्वस्त व्हावी. पुढे नोटा बाद झाल्या. पण बायका हुशार— पैसा मेला तरी कापड जिवंत आहे! त्यांनी त्या नोटा गोधड्यांत शिवून टाकल्या. हे मी कॅटलॉगात वाचले होते. प्रत्यक्ष पाहीन असे वाटले नव्हते. माझ्या अल्बमात कॉकेशसपलीकडची दहा अब्जांची नोट आहे, अझरबैजानची पन्नास लाखांची आहे. पान एकतीस तेवढे कोरे. त्यावर पेन्सिलीने: 'खोरेझम, रेशमी.' बाजारात ती माझ्या दोन पगारांना पडते, आणि मी काही दोन महिने घरच्यांना उपाशी ठेवू शकत नाही.

तेवढ्यात त्याने त्याच कोपऱ्यावर पाणी शिंपडले आणि इस्त्री दाबली. चर्र!

मी किंचाळले.

"काय झालं ताई?"

"काही नाही. दाढ दुखली एकदम."

"घरात दाताचं माणूस असून?"

नवरा कवळ्या तयार करतो, त्याला उद्देशून. हसले आणि शर्ट घेऊन आले. दाढ दुखत नव्हती. म्हणजे पहिल्याच दिवशी खोटे बोलले.


मंगळवार, ५ मार्च

तीन रुमाल इस्त्रीला घेऊन गेले. नोट जागेवर आहे.


गुरुवार, ७ मार्च

प्रश्न साधा आहे. 'ती जुनी गोधडी मला द्या' म्हटले, तर तो चहाच्या पैशात देईल. कदाचित फुकटही देईल, भला माणूस आहे. आणि तसे घेणे म्हणजे सरळ सरळ फसवणूक. ती काय आहे हे मला माहीत आहे, त्याला नाही.

खरे सांगितले, तर योग्य भाव द्यावा लागेल. तो माझ्याकडे नाही.

तिसरा मार्ग सापडत नाही.

आजच एका दुकानदाराचा तराजू तपासला. दोन ग्रॅमची खोट. वजने-मापे कार्यालयात सतरा वर्षे काढल्यावर काटा हलण्याआधीच मला खोट दिसते. तो म्हणाला, "मॅडम, दोन ग्रॅमनं काय आकाश कोसळतं?" मी म्हणाले, "प्रश्न ग्रॅमचा नाही, हाताचा आहे. पारड्याला हात लावून वजन करता तुम्ही." पावती फाडली. बाहेर आले आणि पायरीवरच थांबले. पारड्याला हात लावायचा की नाही, याचाच तर मी तीन दिवस विचार करते आहे.

संध्याकाळी चार रुमाल नेले.


शनिवार, ९ मार्च

घरातले रुमाल संपले. उशीचे अभ्रे नेले. मग मोजे. आज स्वयंपाकघरातली फडकी गोळा करत होते, तर सासूबाई दारात उभ्या.

"फडक्याला इस्त्री?"

"हो. नीट बसतात."

"कुठे बसतात? मी ओटा पुसते त्यानं." थोडे थांबून, "जाताजाता केरसुणीही ने. तिलाही जरा वळण लागेल."

जेवताना नवऱ्याने खिशातून रुमाल काढला, उलगडला, पुन्हा घातला. "आपल्याकडे कुणाचं लग्न ठरलंय का? ठरलं असेल तर मला सांगा. मोज्यांना घडी मोडण्याचं धाडस होत नाही माझं."

त्याला सांगावे का? तो म्हणेल, 'सांगून टाक आणि झोप.' त्याचे सगळे प्रश्न असे सुटतात. दात बसला तर बसला, नाही तर घासायचा.


रविवार, १० मार्च

आमच्या नोटा जमवणाऱ्यांच्या मंडळाची बैठक. दर पंधरा दिवसांनी रविवारी, घड्याळजींच्या दुकानावरची खोली. आम्ही पाच जण, चहा आणि मेलेले चलन.

मी सावधपणे विषय काढला. "समजा, एखादी दुर्मीळ नोट अशा माणसाकडे आहे, की त्याला तिची किंमत माहीत नाही. अशा वेळी संग्राहकाचं कर्तव्य काय?"

आमचा सेक्रेटरी लगेच म्हणाला, "कुठे?"

हा निवृत्त बँक कॅशियर. नोटेला कधी बोट लावत नाही, सगळे चिमट्याने. घड्याळजी म्हणतात तो बिस्किटही चिमट्याने चहात बुडवतो. सगळे त्याला पाठीमागे चिमटाच म्हणतात. समोरही, तो ऐकू कमी येते असे दाखवतो म्हणून.

"मी समजा म्हटलं," मी म्हणाले.

"समजा कुठे?"

"कुठेच नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे."

"तत्त्व पत्त्यावर अवलंबून असतं, मॅडम."

चारही माना माझ्याकडे. मी बिस्कीट घेतले. बस स्टॉपपर्यंत चिमटा माझ्या मागे मागे आला, हवापाण्याच्या गप्पा मारत. दोन बस सोडल्या तेव्हा गेला.


मंगळवार, १२ मार्च

माझ्यासारखी मूर्ख बाई त्रिखंडात सापडणार नाही.

आज उभी राहून नीट बघितले. शर्ट, पँटी, साड्या— मोठे कपडे तो टेबलाच्या मध्यावर करतो. बारीकसारीक कपडे डाव्या कोपऱ्यात. रुमाल, मोजे, फडकी— डाव्या कोपऱ्यात! बरोब्बर भोकावर!

म्हणजे नोट आहे ना, एवढे बघण्यासाठी मी आठ दिवस जे काही नेले, ते सगळे त्याने तिच्यावरच दाबले. तापवून. पाणी मारून. मी गेले नसते तर बिचारीवरून दिवसाला दोन रुमाल फिरले असते. मी एकटीने साठ-सत्तर फिरवले. शंभर वर्षे टिकलेले रेशीम, एवढी मोठी उलथापालथ पचवली त्याने, आणि आता आमची ओटा पुसायची फडकी त्याचा जीव घेणार.

आज काहीच नेले नाही. रिकाम्या हाताने गेले. तोच म्हणाला, "आज सुट्टी?"


बुधवार, १३ मार्च

जळाली.

ऑफिसला जाताना डोकावले. चादर आज चार बोटे सरकली होती, भोकातून नोटेची उजवी कडा दिसत होती. तिथे तपकिरी डाग. इस्त्रीच्या टोकासारखा, निमुळता. विचारायला तोंड उघडले आणि मिटले. काय विचारणार? कशासाठी विचारते म्हणून सांगणार?

डाग माझ्या रुमालांचा आहे. आणखी कुणाचा? मी पहिल्याच दिवशी बोलले असते, तर टेबलावरून गोधडी तेव्हाच निघाली असती. मी नऊ दिवस न्याय-अन्याय तोलत बसले आणि तिकडे माल जळत होता.

दिवसभर कुणाचाही तराजू तपासावासा वाटला नाही. दोन जणांना नुसती ताकीद देऊन सोडले. ऑफिसात सगळ्यांना वाटले मी आजारी आहे.

उद्या सांगणार. डाग पडला म्हणून सांगणार, हे मला माहीत आहे. तरी सांगणार.


गुरुवार, १४ मार्च

सांगितले.

दुकानात तो आणि त्याची बायको दोघेही होते. ती मागे बसून कपड्यांना चिठ्ठ्या टाचते. मी म्हणाले, "इस्त्री बाजूला ठेवा आधी. बंद करा. प्लग काढा."

त्याला वाटले शॉर्टसर्किट. त्याने वायर उपटली आणि बायकोला बाहेर ढकलले. मग मला.

फुटपाथवर उभे राहून तिघांचे बोलणे झाले. मी म्हणाले, तुमच्या टेबलाखाली— नव्हे, टेबलावर, चादरीखाली— एक नोट आहे. रेशमी. परदेशातली, जुनी. मौल्यवान आहे. मला ती अकरा वर्षे हवी आहे आणि मी दहा दिवस तुमच्यापासून हे लपवलं.

त्याने बायकोकडे बघितले. बायकोने माझ्याकडे.

"म्हणजे रुमाल..." ती म्हणाली.

"हो."

"मी यांना म्हणत होते, ताईंच्या घरी सगळ्यांना सर्दी झालीय."

मग भाव सांगितला. तो हसायला लागला. "ताई, त्या गोधडीवर मी चार वर्षं इस्त्री करतो. जुन्या कपड्यांच्या बाजारातून आणली. थंड देशांतून गठ्ठे येतात ना, त्यातली. तिच्यात एवढे पैसे असते, तर ती मला विकत घेती."

बायको हसली नाही. ती आत गेली, चादर ओढून काढली, गोधडी उचलली आणि उलटी करून टेबलावर टाकली.

मी वाकून बघितले.

खालची सगळी बाजू नोटांची. ओळीने! हिरवट, विटकरी, फिक्या जांभळ्या. एकाच आकड्याच्या दोन नोटांचा रंगही सारखा नाही. मध्ये मध्ये पट्ट्यापट्ट्यांचे सुती तुकडे. वरच्या बाजूला बाईला शेवटी एक तुकडा कमी पडला असणार, तिथे तिने नोट लावली. ती मला दिसली. बाकीच्या चौतीस, चार वर्षे टेबलाला तोंड लावून पालथ्या पडल्या होत्या. एकीलाही झळ नाही.

मी रोज येऊन त्या एकीकडे बघत बसले. उलटून बघायचे सुचले नाही. सुचले असते तरी विचारायची हिंमत नव्हती.

बायकोने गोधडीची लांबी हाताने मोजली. कोपरापासून बोटांपर्यंत, दोन वेळा. म्हणाली, "ही गोधडी नाही हो. बाळाचं दुपटं आहे."


शनिवार, १६ मार्च

भाव मी ठरवायचा नाही, कारण मला एक हवी आहे. म्हणून चिमट्याला बोलावले.

आला तो पांढरे हातमोजे घालून. इस्त्रीवाल्याला वाटले, डॉक्टर. त्याने स्टूल पुसून दिले. चिमट्याने भिंग काढले आणि एकेक नोट न्याहाळत अर्धा तास नुसता हुंकारत बसला. डाग असलेल्या नोटेपाशी आला. "ही जळकी. ही बाद." मी खिडकीबाहेर बघितले.

शेवटी म्हणाला, "टाके पडलेल्या, धुतलेल्या नोटा. कोऱ्या नोटेच्या दहाव्या हिश्श्याने जातील. तरी कापायची. चौतीस सुट्या विकल्या तर उत्तम भाव. मी स्वतः वीस घेतो."

"आणि अख्खं ठेवलं तर?" मी विचारले.

"अख्ख्याला गिऱ्हाईक कोण, मॅडम? नोट अल्बमात राहते. दुपटं कुठे ठेवायचं— पाळण्यात?"

"पण शिवलंय किती सुरेख!"

"शिवण कॅटलॉगात येत नाही."

मग माझ्याकडे वळून, हळूच: "तुमचं पान एकतीस. सगळ्यात चांगली तुम्ही निवडा. हप्त्याने द्या, मी मध्यस्थी करतो."

हा माणूस समोरच्यालाही बिस्किटासारखा बुडवतो. अलगद.

इस्त्रीवाला म्हणाला, "ताई, आम्हाला यातलं काही कळत नाही. तुम्ही सांगाल ते."

हेच नको होते मला!


रविवार, १७ मार्च

कापा म्हणाले, तर त्यांना जास्त पैसे आणि मला नोट. म्हणजे मी स्वार्थी.

कापू नका म्हणाले, तर मला नोट नाही, म्हणून मी निःस्वार्थी. पण ते कुणाच्या पैशाने? त्यांच्या! मला दुपटे आवडले म्हणून त्यांनी नुकसान सोसायचे? त्यांना वाफेची इस्त्री घ्यायची आहे. कोळशापासून विजेपर्यंत आला बिचारा, आता खांदा दुखतो.

आणि समजा, स्वार्थी दिसू नये म्हणून मी 'कापू नका' म्हणत असेन? तोही स्वार्थच. जास्त वाईट जातीचा.

नवऱ्याला सगळे सांगितले. तो दाताच्या साच्यात मेण ओतत होता. म्हणाला, "अगं, बाई मेली, बाळही म्हातारं होऊन मेलं असेल. आता यात तू किती जणांचा विचार करणार?"

"पस्तीस नोटा आहेत."

"नोटांचाही?"


बुधवार, २० मार्च

नवी अडचण. दुपटे आता कागदात गुंडाळून त्यांच्या कपाटात आहे, आणि टेबलावर पातळ ब्लँकेट. सगळ्या गल्लीच्या शर्टांवर टेबलाच्या फळ्यांचे वळ उठतात. आज एक वकील दुकानात ओरडत होता, "मी कोर्टात उभा होतो की पिंजऱ्यात?"

इस्त्रीवाला मला म्हणाला, "ताई, किंमत नंतर ठरवा. आधी मला सांगा, मी इस्त्री कशावर करू?"

एवढ्या दिवसांत खरा प्रश्न एकट्या त्याने विचारला.

घरी येऊन सासूबाईंची जुनी गोधडी मागितली. त्या म्हणाल्या, "ने. पण आधी उसवून बघ. आतमध्ये काही राष्ट्र वगैरे निघायचं."


शुक्रवार, २२ मार्च

संग्रहालयाच्या वस्त्रविभागात गेले. तिथल्या बाईंना फोटो दाखवले. त्या खुर्चीतून उठल्याच. अख्खे हवे आहे! रक्कम मात्र चिमट्याच्या हिशेबाच्या जेमतेम दोन तृतीयांश, आणि फॉर्म तीन प्रतींत. एका रकान्यात 'वस्तूचा अलीकडील वापर' असे आहे. तिथे काय लिहायचे विचारले. म्हणाल्या, "घरगुती."


शनिवार, २३ मार्च

दुपारी दुकानात गेले. घरून कागद तयार करून नेला होता. डावीकडे कापण्याचे फायदे-तोटे, उजवीकडे न कापण्याचे. खाली टीप: सल्ला देणारीचा यात हितसंबंध आहे, हे लक्षात घ्यावे. सही, तारीख.

इस्त्रीवाल्याने कागद घेतला, वाचला, सवयीने त्याची घडी केली आणि त्यावर इस्त्री फिरवली.

बायको म्हणाली, "ते राहू द्या. तुम्हाला काय हवंय?"

"माझं सोडा."

"का सोडू? सगळ्यांना विचारलं तुम्ही. त्या हातमोज्याला विचारलं, संग्रहालयाला विचारलं. स्वतःला विचारा की."

शेवटी खरे तेच बोलले. "मला एक नोट हवी आहे. आणि दुपटं कापलेलं नको आहे."

"मग कशी मिळणार?"

"नाही मिळणार."

ती हसली. पहिल्यांदाच एवढी हसली. "अहो, मग यात एवढं लिहायचं काय होतं!"

मग नवऱ्याला म्हणाली, "कापायचं नाही. आपल्याकडून लोकांच्या कपड्यांची बटणं गेली असतील. एखादा शर्ट भलत्याच्या घरी गेला असेल. पण दुसऱ्या बाईनं शिवलेल्याला आपण कधी कात्री लावली नाही. दुपट्याला तर नाहीच."

"वाफेची इस्त्री?" तो.

"लहान घ्या. खांदा तरी कुठे मोठा आहे तुमचा?"

ठरले! मी दोन रकाने केले, तीन रात्री जागले, आणि तिने चिठ्ठी टाचता टाचता उरकून टाकले. पान एकतीस कोरे राहणार. रडू येईल असे वाटले होते. घरी येऊन दोन वेळा जेवले.


रविवार, २४ मार्च

चिमटा माझ्याशी बोलत नाही. बैठकीत त्याने मला साखरेचा डबा दिला, तोही चिमट्याने.


शुक्रवार, १९ एप्रिल

वाफेची इस्त्री आली. लहान आहे, पण सुसकारे मोठ्या इंजिनासारखे टाकते. इस्त्रीवाल्याने गल्लीतल्या सगळ्यांना दाखवली. पहिला मान म्हणून माझा रुमाल मागितला. दिला. पैसे घेत नव्हता, घ्यायला लावले.


रविवार, ५ मे

दुपटे मांडले गेले. आम्ही पाच जण बघायला गेलो— ती दोघे, सासूबाई, नवरा, मी. इस्त्रीवाल्याच्या शर्टाला अशी कडक इस्त्री, की त्याला बसमध्ये बसता येईना.

काचेच्या पेटीत, तिरक्या फळीवर, खालून आरसा ठेवलेला. दोन्ही बाजू दिसतात. दिव्याखाली रेशीम चमकत होते. पैसा म्हणून त्याला कुणी एवढे बघितले नसेल.

सासूबाई बराच वेळ निरखत होत्या. "टाके घाईचे आहेत," म्हणाल्या. "दिवस भरत आले असतील बाईचे."

मग पाटी वाचली. नोटांची माहिती बरोबर. आणि शेवटची ओळ: 'एका नोटेवरील जळाल्याची खूण तत्कालीन संघर्षाच्या काळातील असावी.'

माझे कान तापले.

इस्त्रीवाल्याने ती ओळ बोट ठेवून वाचली आणि छाती फुगवली. शेजारच्या अनोळखी माणसाला म्हणाला, "लढाईतून आलंय. चार वर्षं आमच्याकडे होतं." त्या माणसाने त्याच्याकडे आदराने बघितले.

नवऱ्याला सगळे माहीत आहे. त्याने माझ्याकडे बघितले आणि एकदम दुसऱ्या पेटीतल्या वाटीत फार रस घेऊ लागला.


सोमवार, ६ मे

नाही राहवत. संग्रहालयाच्या पाटीवर माझे पाप 'संघर्ष' म्हणून लटकले आहे. शाळेची मुले वाचतील, वहीत उतरवतील.

पत्र लिहिले. 'महोदया, सदर खूण संघर्षाची नसून रुमालांची आहे. दिनांक ५ ते ११ मार्चच्या दरम्यान मी गरज नसताना इस्त्रीला दिलेल्या...' चार वेळा लिहिले. मोज्यांचा उल्लेख दुसऱ्या मसुद्यात होता, तिसऱ्यात काढला, चौथ्यात प्रामाणिकपणासाठी पुन्हा घातला.

नवरा म्हणाला, "टाक पेटीत. म्हणजे आपण सगळे सुटू."


बुधवार, ८ मे

पत्रात त्याच्या इस्त्रीचा उल्लेख आहे, म्हणून पेटीत टाकण्याआधी दुकानात वाचून दाखवले. दोघांनी काम थांबवून ऐकले.

"कोणता डाग?" तो म्हणाला. "तो कडेचा? ताई, तो पहिल्यापासूनचा आहे. घेतली तेव्हापासून. तो दाखवूनच तर हिनं भाव पाडला होता. चादरीखाली होता, तुम्हाला कसा दिसणार?"

"एवढ्या वर्षांत यांनी एक कपडा जाळला नाही," ती म्हणाली, "आणि तुम्ही लेखी देताय!"

पत्र फाडले.

म्हणजे मी खरे बोलले ते जाळल्याच्या अपराधापोटी, आणि मी काहीच जाळले नव्हते. डाग जुना आहे हे तो दिसला त्याच दिवशी कळले असते, तर दुसऱ्या दिवशी बोलले असते का?

नाही. आणखी रुमाल नेले असते.